अश्विनच्या उशाशी फुटलेला तेंदू

नाकाडोंगरी,
ईस्टरचा सोमवार

प्रिय तृप्ती बेटा,

फोनच करणार होतो. पण फोनवर मला 'जेवलीस का' च्या पुढे जाता येत नाही. म्हणून लिहितो आहे. शेजारचा कमलेश उद्या तुमच्या बपेऱ्याला जाणार आहे, त्याच्या हाती देईन. अक्षर हलतं आहे, सांभाळून घे. हल्ली फार थकायला होतं. आंघोळीचं पाणी काढायचं म्हटलं तरी आधी खाटेवर बसून मनाची तयारी करावी लागते.

तू माहेरी गेलीस आणि घर शाळा सुटल्यासारखं झालं. लहानपणी आंबागडच्या शाळेत आमचे गुरुजी कविता चालीवर म्हणवून घेत. अर्थ विचारला की म्हणत, आधी पाठ करा, अर्थ सवडीनं येईल. पोरं घरी गेली तरी ती चाल बाकांमध्ये रेंगाळायची. तसं सकाळी चुलीपाशी तुझं गुणगुणणं ऐकू येतं. उठून पाहतो, तर कोणी नाही. तुझ्या सासूबाई, आमची तुळसा, म्हणतात, "कान वाजून राहिले तुमचे, तेल टाका." आणि परवा तिनं स्वतःच तीन कप चहा ओतला. तिसऱ्या कपाकडे आम्ही दोघंही पाहत बसलो.

आमचा अश्विन अपघातात गेला, त्यानंतरही तू सून म्हणून आमच्यापाशी राहिलीस. तुला कोणी थांब म्हटलं नव्हतं. मग तुमसरहून मनिषचं स्थळ आलं, आणि त्या दिवशी तुळसा जे बोलली, "माह्या लेकाची माती वाळली नाही, अन् इले हळद लागली," ते विसर असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तू मनिषला नकार कळवलास, पिशवी भरलीस आणि बपेऱ्याची गाडी धरलीस.

ईस्टरच्या आदल्या दिवशी अश्विनच्या कबरीला चुना लावायचं काम तुझं. यंदा मी गेलो. कुंचला धरून धरून मनगट भरून आलं, एक बाजू पांढरी तर दुसरी पिवळट राहिली. मेहनत पाहून हसली असतीस. ईस्टरआधीचा उपासकाळ लागला तेव्हा आपल्या चर्चच्या मंडळीनं कबरस्तानाची सफाई काढली होती. त्याच्या उशाशी तेंदूची झुडपं माजली होती. मंडळीतला प्रविण ती मुळासकट खणायला निघाला. मी म्हटलं, खणू नको, जमिनीलगत छाट. तेंदूपत्त्याच्या केंद्रावर मुन्शीगिरीत जन्म गेला, तोंडातून दुसरं काय निघणार. उन्हाळ्याच्या तोंडावर झुडूप छाटलं तरच बिडीजोगं पान येतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

काल पहाटे मी उठलो तर तुळसा लुगडं नेसून दारात उभी. अश्विनला मातीत ठेवल्यापासून तिनं कबरस्तानाची वाट धरलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. कुठं निघालीस, विचारलं. "काहून, मले मनाई आहे का?" माझ्या खांद्यावर भार टाकत, पुलाच्या कठड्यावर बसत, गुडघ्याला बोल लावत ती कबरस्तानातल्या पहाटेच्या प्रार्थनेला आली. मोहाची फुलं वेचायची वेळही तीच, म्हणून निम्म्या बायका टोपल्या घेऊनच हजर होत्या. शेजारच्या रुखमाबाईचं दरवर्षीचं गाऱ्हाणं झालंच: "देव उठते तवाच मोह पडते, आता मी कोणीकडं पाहू?"

पाळकसाहेब बायबलमधून त्या बायांची गोष्ट वाचत होते, ज्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे गेल्या आणि कबर रिकामी सापडली. ही गोष्ट मला कवितेसारखी पाठ आहे. तुळसाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती वाकून छाटलेला तेंदू पाहत होती. खुंटाला तांबूस पालवी फुटली होती. लहानपणापासून पाला तोडणारी बाई ती. एक पान तिनं बोटांत चोळलं. "कवळा आहे," म्हणाली. मग खुंटावरून हात फिरवत, "छाटलं नसतं तं जुनाच पाला राहिला असता." आणि तिथंच बसली. अश्विन गेला तेव्हा कोरडी राहिलेली बाई काल रडली. रुखमाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पलीकडे मोह तसाच पडून राहिला.

गुरुजी म्हणायचे तो अर्थ मला सत्तरी ओलांडल्यावर आला, बेटा. त्या बाया मेलेल्याला सांभाळायला गेल्या होत्या, आणि त्यांना तिथून माघारी पाठवलं, जित्या माणसांकडे.

तुळसा बरी झाली असं लिहिणार नाही. आजही गुडघा धरून बसली आहे, सकाळी माझ्यावर खेकसलीही. पण काल दुपारी भात मागून घेतला, आणि संध्याकाळी माझ्यापुढे कागद ठेवून म्हणाली, "लिवा." हे पत्र तिचं आहे. मी नेहमीसारखा लांबण लावत बसलो. तिनं सांगितलं ते असं: "तृप्ती, तुह्या मनात मनिष असन तं आमच्यासाठी थांबू नको. त्या दिवशी बोलली ते मी बोलली, अश्विन नाही बोलला. मांडव आमच्याच दारात टाकू. हळद मी लावीन." एवढं सांगून ती उठली, आणि डब्यात हळकुंडं आहेत का, ते पाहायला आत गेली.

तुझाच, थकलेला पण मांडवाच्या बल्ल्या आणायला निघालेला,
मामाजी