लाल झाकणाची बाटली

।। श्री ।।
पेठ, २२ जुलै २०२५

चि. सौ. साधनास आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून लिहिते. डोळा लालभडक झाला होता, उजेड टोचायचा. मंचरचे डॉक्टर म्हणाले, बुबुळाला आतून सूज आहे. पांढऱ्या झाकणाचे थेंब सुजेवर आहेत, ते घालते. लाल झाकणाच्या थेंबांनी बाहुली मोठी होते आणि अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. सोमवारपासून श्रावणाचं पारायण. आळीतल्या बायकांपुढे चाचपडत वाचू का? म्हणून पारायण होईतो लाल बाटली देवघरात ठेवलीय. दुखणंही कमी आहे, उगाच ओरडू नकोस.

तुझ्या माणसांवर देवाची छाया राहो.
तुझी आक्का

पिंपळवंडी, ३० जुलै

ती. सौ. आक्कास साधनाचा शि. सा. न. वि. वि.

मोठी शहाणी आहेस! थेंबांतही मनमानी? इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाहुली मोठी ठेवली नाही तर बुबुळ मागच्या भिंगाला चिकटतं, आतलं पाणी तुंबतं, दाब वाढतो. मग गेलेली नजर परत येत नाही. उजवा डोळा लहानपणीच गोवरात गेला, आता हा एकच आहे गं. पोथी तुमच्या आळीतल्या ठमाबाई वाचतील, अडखळत का होईना. फोन केला तर तुझी सून वृषाली म्हणाली, आई ऐकतच नाहीत. माझ्या पायाला प्लास्टर नसतं तर आजच एसटी धरली असती. लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोललेय.

रागावलीस तरी चालेल, पण थेंब घाल.
तुझी साधना

पेठ, २० ऑगस्ट

चि. सौ. साधनास अ. उ. आ.

अक्षर वृषालीचं, शब्द माझे. तुझं पत्र आलं तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. वाचून उठल्यावर उघडू म्हटलं. उठले ती डोकं धरूनच. उलट्या झाल्या. पित्त समजून दोन दिवस लिंबूपाणी घेत बसले. पुण्याला नेऊन दाब उतरवला, पण तोवर आतली नस सुकली होती. आता दारात कोणी उभं राहिलं तर सावली तेवढी कळते.

नवस मात्र फेड, देवाचं राहायला नको.

काल बायका आल्या. सवयीने पोथी पुढ्यात घेतली आणि साधना, अख्खा अध्याय आपसूक तोंडातून आला. ठमाबाई पोथीत बघत होत्या, एक शब्द चुकला नाही म्हणाल्या. इतकी वर्षं वाटायचं, मी वाचतेय. सगळं पाठच होतं गं. लाल थेंब घातले असते तरी पारायण झालं असतं.

पानं अजून मीच उलटते.

पाय बरा झाला की ये. दारातूनच बोलत ये, म्हणजे सावली तुझी आहे हे कळेल.
तुझी आक्का