सात भुकट्या आणि देखणी चकती

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझा खोकला आणि आतोबांचा गुडघा यांपैकी निदान एकाने तरी माघार घेतली असेल, अशी आशा आहे. माझी तब्येत ठीक. मनाचं म्हणशील तर ते खाली सविस्तर लिहिते.

मी नेमकं काय काम करते हे तू दर भेटीत विचारतेस आणि मी सांगायला लागले की चहा टाकायला उठतेस, म्हणून आता कागदावर. (तू उठून गेलीस तरी कागद थांबतो.) समुद्राखालून एक जाड केबल जाते आणि तिच्यातून प्रचंड दाबाची वीज एकाच दिशेने वाहते. आतल्या तांब्याच्या तारेभोवतीचं प्लास्टिकचं आवरण चाळीस वर्षं टिकायला हवं. घरातली वीज सारखी दिशा बदलते, त्यामुळे ती कुठे ठाण मांडत नाही. ही एकदिश वीज मात्र आवरणात थोडी थोडी शिरते, पाय पसरून बसते, आणि एक दिवस आवरण फुटतं. ते फुटू नये म्हणून मी तीन वर्षं खपून त्यात सात तऱ्हेच्या भुकट्या मिसळल्या. आमच्या प्रयोगशाळेत गाळणीकाका म्हणून एक चष्मेवाले गृहस्थ आहेत, दोन महिन्यांत निवृत्त होतील. त्यांचं म्हणणं, नवीन काही घालू नका, आहे ते स्वच्छ करा. ते प्लास्टिक वितळवून बारीक जाळीतून गाळायचे, मग आठवडाभर भट्टीत गरम ठेवून त्यातला उग्र वास घालवत बसायचे. आम्ही तरुण मंडळी (मी सर्वांत पुढे) त्यांच्याकडे जरा कीव करूनच पाहायचो.

दोघांच्या प्लास्टिकची एकेक चकती पाडून त्या एकदम महिनाभर विजेच्या दाबाखाली ठेवायचं ठरलं. चकत्या साच्याच्या विभागातून पाडून आल्या; तोवर मी माझ्या मिश्रणाचे फक्त आलेख पाहत असे. लावण्याआधी मी त्या स्पिरिटने पुसल्या, आणि त्याबरोबर कोणती कोणाची हे कळावं म्हणून वर शाईने घातलेले आकडेही पुसले गेले. एक चकती दुधाळ होती, दुसरी काचेसारखी आरपार. देखणी ती माझी, असं धरून मी आकडे परत घातले. (याला मी त्या वेळी अनुभव म्हणत होते.) नवव्या दिवशी दुधाळ चकतीला टाचणीएवढं भोक पडलं. मी गाळणीकाकांचं सांत्वनही केलं. देखणीने महिना आरामात काढला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना जमवलं आणि मी पाऊण तास बोलले, प्रत्येक भुकटीवर वेगळं.

पुढच्या आठवड्यात अहवालासाठी त्या चकतीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. भुकटीचा एक कण नाही. दुसरा काप घेतला, तिसरा घेतला. अकरा कापांनंतर जेवायला गेले आणि न जेवता परत आले. गाळणीकाका जाळी धूत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"होतं की. भुकटी घातली की चकती दुधाळच होते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो, पण तुमचं भाषण संपेना. आणि चकती टिकली ना, कोणाच्या नावावर टिकली यानं समुद्राला काय फरक पडतो?"

मला पडत होता. साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, गेल्या वेळी सगळ्यांना मी जमवलं, आता तुम्ही जमवा. त्याच खोलीत, त्याच माणसांपुढे मी पुन्हा बोलले. चार मिनिटं लागली. आता कामावर नाव गाळणीकाकांचं आहे, आणि ते जायच्या आत मी त्यांच्याकडून गाळायला शिकते आहे. मला अजून जाळीसुद्धा धड धुता येत नाही, असं त्यांचं मत आहे.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना माझ्याकडून तुला जमेल तेवढा दम.

तुझी भाची

ता. क. – वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल. आमच्या कंपनीच्या पत्रिकेतला माझ्या पहिल्या भाषणाचा फोटो तू चौकट करून दिवाणखान्यात लावला आहेस, असं आईकडून कळलं. तो तेवढा उतरव.

आणखी एक ता. क. – उतरवल्यावर भिंतीवर डाग दिसणार असेल तर राहू दे. माझ्या खांद्यामागे एक अर्धा चेहरा दिसतो, चष्मेवाला, टाळ्या वाजवणारा. कोणी विचारलं तर त्याच्याकडे बोट दाखव.