पत्र्याच्या खोलीपर्यंत

नांदेड, ५ जुलै २०२२

ती. आईस,
मनूचा शि. सा. नमस्कार.

रविवारची वीस मिनिटं परत तशीच गेली. शेवटी शेवटी तू फोन घेऊन मागच्या अंगणात, आजोबांच्या पत्र्याच्या खोलीकडे निघतेस आणि तुझा चेहरा थिजून फोन कटतो. इकडे आठवडाभर मोबाइल रेक्टर मॅडमच्या कपाटात. दुसऱ्यांदा लावू देत नाहीत. आजोबांचं कार्ड आलंय. लिहितात, पोरीला अभ्यास लई, म्हाताऱ्याशी बोलायला वेळ नसतो, हरकत नाही. आई, त्यांना वाटतं मीच फोन ठेवते! व्यंकटीदादा वायफायचा दुसरा डबा लावून देतो म्हणाला होता ना? लाव ना गं.

बायोलॉजीत यावेळी घसरले. रागावलीस तरी माया राहू दे.

तुझी मनू

देवणी, १२ जुलै

चि. मनस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

मार्कांचं मनाला लावून घेऊ नकोस. केसांना तेल लावतेस का? फोनवर अगदी झिपरी दिसतेस.

डब्याचं म्हणशील तर आपल्या भिंती दीड हात रुंद, दगडमातीच्या. त्यापुढे आजोबांच्या खोलीचा पत्रा. व्यंकटीही कामात असतो. बघू सवडीनं. त्यांनीच घरात येऊन बोलावं म्हटलं, तर किल्लारीच्या भूकंपापासून ते घराच्या मातीच्या छपराखाली, माळवदाखाली पाऊल टाकत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. मी ताट त्यांच्या दारात ठेवते, ते जेवून, धुऊन पालथं घालतात. दिवसभरात आमचं बोलणं एवढंच.

रविवारी निळा ड्रेस घाल. मला तुला नीट बघायचंय.

लोभ आहेच, तो मागायला लागू नये.

आई

देवणी, १४ जुलै

चि. मनूस,
मार्तंड आजोबाचे अ. उ. आ.

व्यंकटी चौकात भेटला. विचारून राहिला, काका, दुसरा डबा चालतो का. महिन्याखाली तुझ्या आईकडं देऊन गेलता म्हणे. लावायला येऊ का म्हणलं तर ती नको म्हणली. मला ठाऊकच न्हवतं. फोन तू ठेवत न्हाईस एवढं कळलं, लई बरं वाटलं.

आईला यातलं काही विचारू नको. तुझे बाबा गेल्यापासून तिच्याशी बोलायला घरात कोण हाय? मी सासरा माणूस, बोलून बोलून काय बोलणार? तिची वीस मिनिटं तिला असू दे. मला तुझं कार्ड पुरतं, दोनदा वाचता येतं.

अभ्यासातून उरला तर म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

मार्तंड

देवणी, १ ऑगस्ट

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दोन रविवार तू डब्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, तेच मला टोचत राहिलं. खरं सांगते. डबा माझ्या साड्यांच्या कपाटात होता. तो लावला की विसातली दहा मिनिटं जातील, एवढंच मनात यायचं. आजोबांना काय वाटतं ते तू लिहिलंस, तरी मी लावला नाही. शनिवारी व्यंकटीला बोलावलं. त्यानं भिंतीला भोक पाडून वायर ओढली आणि डबा पत्र्याच्या आत बसवला.

काल तू पाहिलंसच. आजोबांनी जेवलीस का विचारलं, दोन मिनिटं बोलले आणि वासराला पाणी पाजायचंय म्हणून फोन माझ्या हातात देऊन बाहेर गेले. मनू, वासरू आपण दिवाळीतच विकलं. मी अठरा मिनिटं तुझ्याशी बोलले खरी, पण डोळे दाराबाहेर होते. फोन संपेपर्यंत ते रिकाम्या खुंट्यापाशी पाठ करून उभे होते.

येत्या रविवारी मी आधी बोलेन, थोडंच. मग भाकऱ्या थापायच्यात म्हणून उठून जाईन. त्या आधीच झालेल्या असतील, पण तू काही बोलू नकोस.

आम्हा दोघांनाही तुझी माया पुरू दे.

आई