चौकचे टायरवाले

१९ जानेवारी १९८६, रविवार

पुढचे दोन टायर संपले. बोटाने चाचपले, नक्षी लागत नाही. मागचे अजून सहा महिने जातील. गाडी घेऊन सव्वा वर्ष झालं, एवढ्यात!

चंद्रा म्हणाली, "तुम्ही दर रविवारी घाटात कशाला जाता, ते टायरला ठाऊक आहे."

कशाला जातो ते इथे लिहायला हरकत नाही. वळणांसाठी. खोपोलीहून वर, खंडाळ्याला न थांबता खाली. डिसेंबरात पुण्याच्या एका माणसाकडून इंजिनाचं काम करून घेतलं. मारुती आता खरोखर पळते. घरात सांगितलं, कार्बोरेटर साफ केला.

चाळिशीला आलेला मराठीचा प्राध्यापक.

२२ जानेवारी, बुधवार

पदार्थविज्ञानाच्या गुप्त्यांनी स्टाफरूममध्ये एक कागद दिला. कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांचा मोटार क्लब आहे, गुप्ते त्यात आहेत. खालापूरच्या पलीकडे एक कारखाना बांधून झाला, पण उघडलाच नाही. त्याच्या आतला रस्ता सिमेंटचा, गोल फिरून येणारा. तिथे सोळा फेब्रुवारीला नवशिक्यांसाठी सराव. आपलीच रोजची गाडी, आपलेच रस्त्यावरचे टायर. एका वेळी एकच गाडी सोडतात. चारही टायर एकाच जातीचे हवेत, रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, चालणार नाहीत.

नव्या माणसाला क्लबात घ्यायचं की नाही, हे त्या दिवशी बघून ठरवतात.

"या तुम्ही. लोक चांगले आहेत," गुप्ते म्हणाले.

लोक चांगले आहेत याचीच धास्ती वाटते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून चौकला गेलो. हायवेवर दादाचं टायरचं दुकान आहे. कोंडीराम, माझा थोरला भाऊ. वीस वर्षं तो तिथे पंक्चर काढतो, जुने टायर बघून देतो. पुण्याला जाणारे ट्रकवाले नाव घेऊन थांबतात.

कागद वाचून दाखवला. दादाने खाली बसून पुढचं चाक पाहिलं, मग मागचं, मग माझ्याकडे.

"लय दामटतोस रं."

मी म्हटलं, पुढचे दोन नवे टाकतो, मागचे राहू देत. मारुतीचं इंजिन पुढचीच चाकं ओढतं.

"नाय. चारी एकसारखे घे. पुढचे चिकटतील न् मागचे सुटतील. मग गाडी मागं तोंड करून उभी रायल." हाताने करून दाखवलं, तळवा गर्रकन फिरवला. "रेडियल घे. साधे, रोजचे. तू नवा हायस. तुला वरडणारा टायर पायजे."

ओरडणारा म्हणजे?

"सुटायच्या आधी वरडतो. भारी टायर वरडत नाय, एकदम सोडतो. शिकलेल्याला चालंल त्यो. तुला नाय."

वहिनीने भाकरी खाऊन जा म्हटलं. खाल्ली. निघताना दादा म्हणाला, "सोळाला मी पन येतो. हवा बगाया माणूस लागंल तुला."

मी "ये की" म्हणालो. म्हणायला किंचित उशीर झाला. त्याच्या लक्षात आलं नसावं.

२ फेब्रुवारी, रविवार

मुंबईला जाऊन टायर आणले. दादाने सांगितलेले नाहीत. परदेशी, थोडे रुंद, एका मोडीत काढलेल्या गाडीचे. दुकानदार म्हणाला, "रेसिंगवाले हेच नेतात." बाजूवर पांढरी अक्षरं. फलाटावर हमालाने ते गळ्यात घातले तेव्हा लोक वळून बघत होते. बरं वाटलं.

दादाला विचारून मग दुसऱ्याचं ऐकलं. खरं म्हणजे दुसऱ्याचंही नाही. पांढऱ्या अक्षरांचं ऐकलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ते गाडीला चढवायला कुठे जाणार? दादाकडेच. खोपोलीत दुसरी दोन दुकानं आहेत, तिथवर जाऊन परत आलो. तेवढं निर्लज्ज होता आलं नाही.

दादाने एक टायर उभा केला, अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं. नख रुतलं नाही. टायर गुडघ्याखाली दाबून वाकवला. पांढऱ्या अक्षरांच्या खाली बारीक भेगा उघडल्या, वाळलेल्या चिखलासारख्या.

"धा वर्सं कुटंतरी पडून हाय ह्यो. रबर नाय ऱ्हायला, पत्रा झालाय. कितीला घातलं तुला?"

सांगितलं नाही.

"ऱ्हावू दे. इहिरीवर बांदू, पोरं पवतील."

बाजूला उभा असलेला ट्रकवाला हसला. दादा हसला नाही. त्याने आतून चार रेडियल काढून आणले. नवे, साधे, काळे. बाजूला ठेवलेले होते. सव्वीस तारखेलाच मागवले असणार.

९ फेब्रुवारी, रविवार

नव्या टायरची नक्षी खोल असते, जोरात वळलं की तिचे ठोकळे हलतात. म्हणून आधी शंभरेक मैल सावकाश चालवून त्यांचं अंग मोडायचं. दादा शेजारी बसला. कर्जत, नेरळ, परत चौक, पुन्हा खोपोली. खिडकीबाहेर हात टाकून बसला होता. मी घाटाकडे वळवली तेव्हा म्हणाला, "आज नाय."

परत येताना म्हणाला, "कालेजातला खडू आन दोन कांड्या."

कशाला?

"आन तर."

भिसेगावला माझ्या घरासमोर त्याला उतरवलं नाही, कर्जत स्टेशनवर सोडलं. शेजारी ओसरीवर बसले होते. आणखी काय लिहू. त्यालाच स्टेशनवर जायचं होतं असं म्हणता येईल. त्यानेच म्हटलं होतं. पण मी "घरी चल" म्हटलं नव्हतं, ते आधीचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खडू घेतला. शिपायाने पाहिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. दादा पहाटे टेंपोने परस्पर येणार आहे, हवेचा पंप घेऊन. मी आठला पोचायचं. काय बोलायचं, कुणाशी, हे मनात चाललं आहे. गाडी कशी चालवायची, हे नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहितो. आजच लिहिलं नाही तर उद्या त्याला वेगळा आकार येईल.

आठला पोचलो. फाटकाशी क्लबचे लोक घोळक्याने उभे होते, गुप्ते त्यांच्यात. दादा पण तिथेच, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, पंपाला टेकून. हात मात्र नेहमीचे. ते कितीही धुतले तरी रेघांतला काळा रंग जात नाही. मी उतरलो. सेक्रेटरी हात पुढे करून आले. क्षणभर सगळे माझ्याकडे, मग दादाकडे, मग माझ्याकडे पाहू लागले. कुणीतरी काहीतरी म्हणण्याची वाट बघत असावेत.

मी म्हणालो, "हे कोंडीराम. चौकचे टायरवाले."

वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी वाक्यंच शिकवतो.

दादा माझ्या पाठीमागून गाडीकडे गेला, चाकाशी बसला आणि म्हणाला, "साहेब, हवा बगून घेतो."

दिवसभर तो साहेबच म्हणाला. एकदाही चुकला नाही. "साहेब, पुढं आट्ठावीस भरली." "साहेब, खडू द्या." मी त्याला अहो-जाहो करत होतो. जन्मात पहिल्यांदा.

खडू कशाला ते तेव्हा कळलं. टायरच्या कडेवर त्याने आडव्या रेघा ओढल्या, नक्षीपासून खाली बाजूपर्यंत. दोन फेऱ्या मारून आलो की किती रेघ पुसली ते बघायचं. खालपर्यंत पुसली तर टायर कलंडतोय, हवा कमी. कडेपर्यंतही पुसली नाही तर हवा जास्त. पहिल्यांदा बरीच खालपर्यंत गेली. त्याने दोन पौंड वाढवले. पुढच्या वेळी रेघ बरोबर कडेला थांबली.

टायर ओरडले. पहिल्याच वळणावर, इतके, की मी घाबरून पाय काढला. आलो तेव्हा दादा खिडकीशी वाकला. हळूच म्हणाला, "वरडतो तवर तुज्या हातात हाय. आवाज बसला की सुटला. पाय एकदम काडू नको." तेवढं एक 'तुज्या' त्याच्या तोंडून गेलं. मग मोठ्याने, "जावा, साहेब."

चौथ्या फेरीला त्या आवाजावर गाडी चालवली. वळणात स्टीअरिंग जड होतं, मग आवाज चढतो, मग तिथेच धरून ठेवायचं. मी असं काही पूर्वी केलेलं नाही. लिहून सांगता येत नाही.

माझ्यानंतर एका तरुण अधिकाऱ्याची फियाट वळणावर मांडलेल्या रिकाम्या पिंपांत घुसली. नवे भारी टायर, पण फक्त पुढचे दोन; मागचे त्याच जातीचे, पण झिजलेले. आवाज न करता गाडी फिरली आणि मागं तोंड करून उभी राहिली. कुणाला लागलं नाही. मग सगळे आमच्या गाडीभोवती जमले. दादाने खडू हातात धरून त्यांना समजावलं. उकिडवा बसून, एकेक टायर दाखवत. मी वर्गात इतकं नीट कधी सांगितलं नसेल. "मिस्त्री, आमचंही बघा हो." त्याने सहा गाड्यांची हवा बघितली. मी बाजूला उभा होतो. मला अभिमान वाटत होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

जेवायला आम्ही शेडमध्ये खुर्च्यांवर. दादा बाभळीखाली, टेंपोवाल्याबरोबर. मी त्याला दिसेल असा बसलो नाही. गुप्ते ताट घेऊन उठले आणि बाभळीखाली जाऊन बसले. गुप्त्यांचा स्वभावच तसा आहे, असं मी शेजारच्याला म्हणालो.

संध्याकाळी दादा टेंपोत बसला. "येतो, साहेब." गुप्ते तिथेच उभे होते, म्हणून मी हात जोडले. भावाला.

घरी चंद्राने विचारलं, "दादांची ओळख काय म्हणून करून दिलीत?"

"दादा म्हणूनच," मी म्हणालो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन तास घेतले. काय शिकवलं ते आठवत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जातीमुळे झालं का? बसून विचार केला. मी एकोणसत्तर साली गॅझेटात आडनाव बदललं, दादाने बदललं नाही. पण कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे मी कोण, आणि मी ते लपवत नाही. चौदा एप्रिलला भाषण मीच करतो. जातीचं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. त्याला शब्द आहेत. हे नुसतं हातांचं आहे. काळ्या रेघांचं.

दादाने माझ्यासाठी शाळा सोडली, असंही काही नाही. त्याला शाळा आवडतच नव्हती, कोंडाण्याच्या लेण्यांत जाऊन लपायचा. उपकार असते तर मी कृतघ्न झालो असतो. कृतघ्न हाही मोठा शब्द आहे. मी त्याहून लहान काहीतरी झालो.

२३ फेब्रुवारी, रविवार

चौकला गेलो. बोलायचं ठरवून.

दादा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी —"

"फुडचा डावा जास्त खातोय. उजव्या वळनाचा रस्ता हाय त्यो. म्हयन्यानं मागं टाक त्याला."

"ते नाही. फाटकापाशी मी जे —"

"हितं बोट धर. हां. दाबून."

मी भोकावर बोट धरलं. त्याने खडबडीत कागदाने घासून ठिगळ लावलं. गिऱ्हाईक आलं. वहिनी चहा घेऊन आली, म्हणाली, "कशी झाली रं सर्यत? ह्ये आल्यापासनं तुज्याच गाडीचं सांगत्यात. वाडीतलं एक घर सोडलं नाय."

मी सांगितलं, शर्यत नव्हती, सराव होता.

तो मला 'हिरामण' म्हणाला, साहेब म्हणाला नाही. पूर्वीसारखाच होता. त्याला ते लागलं नसावं. दुकानाच्या भाषेत टायरवाल्याला टायरवाला म्हणणं म्हणजे काही विशेष नाही. निघताना दादाने हवा बघितली.

जरा मोकळं वाटतं आहे. असं वाटणं बरोबर आहे का, ते आज बघणार नाही.

१ मार्च, शनिवार

गुप्ते स्टाफरूममध्ये म्हणाले, क्लबात तुम्हाला घ्यायचं ठरलं, आणि तुमचे बंधूही दर वेळी आले तर फार बरं होईल. मी म्हटलं, बंधू?

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "सकाळी सहाला येऊन त्यांनीच सांगितलं आम्हा सगळ्यांना. पांढरी मारुती येईल, माझा धाकटा भाऊ आहे, कॉलेजात प्रोफेसर आहे, पहिल्यांदा चालवतोय, जरा सांभाळून घ्या. दोन तास तुमच्याबद्दलच सांगत होते. मग तुम्ही आलात आणि 'चौकचे टायरवाले' म्हणालात. सेक्रेटरी बोलणारच होते, पण तुमच्या पाठीमागून त्यांनी आम्हाला हाताने खूण केली. राहू द्या म्हणून."