जोर लावून बसवलेला नट

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरी फोनसुद्धा नव्हता, त्यामुळे तुमची मुलगी म्हातारपणी काय उद्योग करते ते नीट सांगावं लागेल. निवृत्त झाल्यापासून मी आणि काही मंडळी एक नियमावली लिहितोय. वेबवर लेख पाठवणारा प्रोग्रॅम एकाचा, तो घेऊन प्रसिद्ध करणारा सर्व्हर दुसऱ्याचा, तरी दोघांचं जुळावं, एवढ्यासाठी. तुमच्या भाषेत, नट चिंचवडचा आणि बोल्ट चाकणचा.

परवा पिंपळे गुरवच्या एका हॉलमध्ये सगळे आपापले प्रोग्रॅम घेऊन जमलो. वाद एकाच नियमावर अडला होता: लेखाचं मराठी शीर्षक त्याच्या वेबवरच्या पत्त्यात अक्षर न बिघडता उतरलंच पाहिजे की नाही. माझा लेख चाकणच्या एका मुलीच्या सर्व्हरवर पाठवला. "काकू, लेख आला, पण पत्त्यात नुसती टक्क्यांच्या चिन्हांची रांग लागलीय," ती म्हणाली. "मग तुझा सर्व्हर अडाणी आहे," मी म्हणाले. माझा प्रोग्रॅम माझ्या सर्व्हरशी इतकी वर्षं सुखाने नांदतोय. आमचे अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, हा नियम गाळून टाकू. शीर्षक इंग्रजीत द्यायचं, विषय संपला." माझं डोकंच फिरलं. मराठीत बोलले म्हणून सिस्टरनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आठवतं? "हे ऐकायला इथपर्यंत यायची गरज नव्हती," मी म्हणाले, "कॉन्व्हेंटमध्ये ऐकून झालंय." मुलगी फिसकन हसली. "काकू, चिडा नंतर. आधी तुमच्याकडून काय निघतंय ते बघू का?"

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलाय. ओट्यावर एक नट, एक बोल्ट ठेवता. "दोन वेगळ्या शॉपमध्ये बनलेत, एकमेकांना कधी बघितलेलं नाही. लाव बघू." मी लावते, अर्ध्यावर अडकतो. तुम्ही हातपाय धुवायला जाता तेवढ्यात मी पक्कड घेऊन पिळते. परत येऊन तुम्ही बघता, आवाज चढवत नाही. "पोरी, जोर लावून बसवलं त्याला जुळलं म्हणत नाहीत." तो बोल्ट अजून माझ्या टेबलावर आहे.

आम्ही बघितलं. मराठी अक्षरं सुखरूप जावीत म्हणून पाठवण्याआधी ती टक्क्यांच्या सांकेतिक चिन्हांत बदलतात. माझा प्रोग्रॅम ती दोनदा बदलत होता आणि माझाच सर्व्हर ती गुपचूप दोनदा उलगडत होता; तिचा एकदाच उलगडायचा, म्हणून ती रांग. माझं माझ्याशीच जुळत होतं. माझ्या प्रोग्रॅममधली एक ओळ काढली, लेख पुन्हा पाठवला. शीर्षक काना-मात्रेसकट पत्त्यात उभं राहिलं. नियम टिकला, त्यात 'एकदाच' एवढा एक शब्द वाढला.

इतिवृत्त मी लिहिलं. त्यात 'नियमाची भाषा संदिग्ध होती' असं आहे. होतीच. पण मी त्या मुलीला अडाणी म्हणाले, आणि चूक माझी, हे त्यात नाही. ती ओळ आज घालते.

दुसरं मात्र कुठे लिहिणार नाही, आणि हे पत्रही असंच मसुद्यात राहील. त्या दिवशी ओट्यापाशी, का अडकला असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले होते, नटच खराब आहे. नट चांगला होता, अण्णा. मी तो तिरका लावला होता.