धम्मदीपचं हुकलेलं मत

म्हसळा, रविवार दुपार

आदरणीय येसाजी दाजी यांस प्रज्ञाचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? उरणच्या दुकानाला एवढ्या उंच पायऱ्या तुम्हीच बांधून घेतल्यात, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची, असं कल्पिताताई विचारते. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे आता आहोत. मागच्या आठवड्यात नव्हतो. (फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं शेजारीही ऐकतात.)

आम्हा नवराबायकोचे दोन्ही कॉम्प्युटर तुम्हीच जोडून दिलेत. दोन्हींवर विंडोजऐवजी लिनक्स, दोन्हींवर गेम. फरक आतल्या प्रोसेसरचा, माझा एएमडीचा आणि धम्मदीपचा इंटेलचा. तुम्ही दोन्ही विकता, त्यामुळे यात भांडायचं काय, असं तुम्हाला वाटेल. पण म्हसळ्यात लिनक्सवर गेम खेळणारे आम्ही जेमतेम सहा जण, आमचा एक ग्रुप आहे आणि त्यात इंटेलवाला धम्मदीप एकटा उरलाय. ज्या ऑनलाइन दुकानातून आम्ही गेम घेतो, ते दर महिन्याला कोणाच्या मशीनमध्ये काय आहे याचे आकडे जाहीर करतं. लिनक्सवाल्यांत एएमडी पुढे असते. आकडे आले की कुलदीप (ऑफिसात धम्मदीपच्या शेजारच्याच टेबलावर बसतो) ते ग्रुपवर टाकतो आणि खाली इंटेलच्या नावाने 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी कोणाच्याच बाजूची नाही. मी फक्त त्या श्रद्धांजलीला लाइकचा अंगठा देते.

आता हे आकडे सगळ्यांना विचारून काढत नाहीत. कधीतरी कोणाच्या तरी पडद्यावर प्रश्न येतो, तुमच्या मशीनची माहिती पाठवू का? हो म्हटलं की तुमची मोजदाद झाली. आमच्यात तो कोणालाच कधी आला नव्हता. गेल्या रविवारी धम्मदीपला आला! त्याने लगेच हो म्हणावं की नाही? पण आधी फोटो काढून कुलदीपला दाखवायचा होता, आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. बंद पडलेला फोन सुरू करून घेऊन येतो तर प्रश्न गायब, आणि टेबलाजवळ मी, हातात फडकं.

त्याने मला काही विचारलंच नाही. ग्रुपवर लिहिलं, 'आमच्या घरी मतदान केंद्र ताब्यात घेण्यात आलं आहे.' मग अबोला. "आये, तिला सांग, आमटीत मीठ न्हाय," एवढंच आमचं बोलणं, तेही सासूबाईंमार्फत. दाजी, हसू नका. मला फार लागलं ते. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याच्या फोनलाही न विचारता हात लावलेला नाही, आणि हा साधं 'तू दाबलंस का' एवढंही विचारत नाही.

गुरुवारी जेवताना सासूबाई निरोप पोचवून कंटाळल्या. "झालंय काय तुमचं?" धम्मदीपने सगळं सांगितलं.

"ती पाटी व्हय? ती मी घालवली," त्या म्हणाल्या. (त्या त्याच्याच मशीनवर रोज शेतीचा गेम खेळतात. आपली पाळी आली म्हणून बसल्या, पाटी घालवली, तेवढ्यात बाहेर बोंबीलवाली ओरडली म्हणून उठल्या.)

"आये!"

"बँकेतल्या बाईंनी सांगितलंय, कोणी माहिती मागितली की न्हाय म्हणायचं. एन ओ, नो. तेवढं येतं मला वाचता."

"आये, एकच मत होतं गं माझं."

"मतदान हाय म्हणून सांगायचं व्हतं मग. लुगडं बदलून बसले असते."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. धम्मदीपने डाव्या हाताने ग्रुपवर लिहिलं, 'प्रज्ञा नव्हे, आई.' मग थेट माझ्याकडे बघून म्हणाला, "चुकलं माझं. पण तू तिथे फडकं घेऊन काय करत होतीस?"

मी म्हटलं, "धूळ पुसत होते. तुझ्या मशीनवरची."

ताईला माझी आठवण सांगा आणि जिना जपून उतरा.

तुमची,
प्रज्ञा

ता. क. : पत्राचं कारण राहिलंच. सासूबाईंना स्वतःचा कॉम्प्युटर हवाय. कोणत्या कंपनीचा, यावरून घरात पुन्हा रण नको. म्हणून स्टिकर काढून, डबा घट्ट बंद करून पाठवा. आत काय आहे ते आमच्यापैकी कोणालाही सांगू नका, अगदी मलासुद्धा.

ता. क. २ : एएमडीच बसवा.