चौथी प्रत

अम्मान,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

प्रिय मुनीफ,

सलाम. तू खुशाल असशील असं लिहायची पद्धत आहे. पण तुला निलंबित करून घरी बसवलं त्याला सात महिने झाले, त्यामुळे लिहिलं आणि खोडलं. आमचं ठीक. जैतून उतरवून झाले, यंदा झाडांनी हात आखडता घेतला. माझे गुडघे धरलेत. नाहला म्हणते, "या वयात शिडीवर चढायला कुणी सांगितलं होतं?" थकलोय रे.

तुझ्या खुर्चीवर आता हज्झा नावाचा तरतरीत गृहस्थ बसतो. त्याला काम फारसं नाही, कारण त्या मित्रदेशाने संरक्षणाचे कागद पाठवणं बंदच केलंय. जे काही येतं ते जाळताना दोघांनी भट्टीपाशी उभं राहून पानं मोजायची. हज्झा मला विचारत होता, "पूर्वी असं नव्हतं का हो?" मी म्हटलं, "नियम हाच होता."

नियम हाच होता, आणि एकोणीस वर्षं आपण दर गुरुवारी कागद जाळल्याच्या दाखल्यावर आधीच दोन सह्या करून ठेवायचो, म्हणजे एकाला लवकर घरी जाता यावं. त्या गुरुवारी तुझी आई सल्टच्या इस्पितळात होती. तू म्हणालास, "सही ठोकलीय, बाकी तू बघ." मी म्हटलं, "पळ आता, आईंना माझा सलाम सांग." तू गेलास तेव्हा दीड वाजला होता.

त्या मित्रदेशाच्या एका गुप्त अहवालाच्या चार प्रती जाळायच्या होत्या. पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय तिसऱ्या सरकारला दाखवू नये, असं प्रत्येकीच्या माथ्यावर लाल अक्षरांत होतं. मी तीन जाळल्या. चौथी माझ्या टेबलावर, शेजारच्या देशाच्या लष्करी खात्याला जायच्या नकाशांखाली राहिली, आणि मी तो गठ्ठा न बघता लाखेने बंद केला. पंधरा दिवसांत तिकडच्या एका कर्नलने भर बैठकीत त्यातलेच आकडे म्हणून दाखवले.

हे तुला नवीन नाही. पुढचं मात्र तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

चौकशीत मला आधी बोलावलं. "भट्टीपाशी कोण होतं?" मी म्हणालो, "मुनीफ. मी नुसती सही केली." कुणी धमकावलं नव्हतं मला. पुढ्यात चहासुद्धा ठेवला होता. मी घाबरलो, एवढंच.

मग तुला विचारलं, तर तू म्हणालास, "वस्फीला विचारा, तो सांगेल ते खरं." बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात टाकलास. "चल, कॉफी पाज." मी पाजली. तू दोन कप प्यालास आणि मी तुझ्याकडे बघत बसलो. माझी मला इतकी किळस कधी आली नव्हती.

माझा जबाब नंतर तुला वाचून दाखवला असणार. तरी तू इस्पितळाचं नाव काढलं नाहीस. का, ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच झोप लागत नाही.

रविवारी लष्करी न्यायालयात तुझी तारीख आहे. मी बुधवारीच सगळं लिहून दिलंय. जाळण्याआधी सही केल्याचा दोष तुझ्यावर राहील, त्यातून मी तुला सोडवू शकत नाही. कागद फुटल्याचा मात्र माझा एकट्याचा आहे. उद्या मला ताब्यात घेतील. नाहलाला आज सकाळी सांगितलं. तिने माझे लोकरीचे मोजे काढून ठेवले.

एकच मागतो. रविवारी तुला विचारतील, वस्फी म्हणतो ते खरं का. मुनीफ, मला वाचवायला जाऊ नकोस.

तुझ्या गप्प बसण्यावर सात महिने जगलेला,
वस्फी